वजनाच्या दवाखान्यात १४ महिने: एका ट्रान्स पुरुषाचा अभिप्राय

आधी हिशोब सांगून टाकतो. उंची १६१ सेंटिमीटर, वय ३८. पहिल्या दिवशी वजन १०४ किलो, परवाच्या भेटीत ८७. जन्माच्या कागदावर मुलगी, जगतो पुरुष म्हणून; टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, सुरू होऊन सहा वर्षं झाली. छाती सपाट करायची शस्त्रक्रिया अजून झालेली नाही आणि खरं तर तिच्याचपायी मी या दवाखान्याची पायरी चढलो. ज्या सर्जनकडे आधी गेलो होतो त्यांनी "बीएमआय ३५च्या खाली आणा, मग बोलू" म्हणून वाटेला लावलं होतं. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. तेव्हा माझा ४० होता.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे माझ्यासारखे पेशंट बोटांवर मोजण्याइतके आहेत. दवाखान्याचं नाव लिहिलं की माझंही लिहिल्यासारखंच.

याआधी एका ठिकाणी हात पोळून घेतले होते. तिथल्या डॉक्टरांनी माझे कागद चाळता चाळता "टेस्टोस्टेरॉन" या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बंद करा, वजन आपोआप उतरेल." हे औषध सुरू होण्याआधीच माझं वजन ९६ होतं, हे सांगायला मी तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. टेस्टोस्टेरॉनने वजन थोडं वाढतं, खोटं नाही. पण त्यातला बराच वाटा स्नायूंचा असतो, आणि चरबी मांड्यांकडून पोटाकडे जायला लागते. एवढं समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. आधीची पंधरा वर्षं गुडघा दुखला तरी कारण वजन, कान दुखला तरी वजन. आता त्या वजनाचंही कारण हार्मोन. वांग्याला कोणी विचारत नाही, तेल ओतणारे मात्र सगळे.

तर हा नवा दवाखाना. मी मुद्रितशोधनाचं काम करतो, त्यामुळे शब्दाच्या शेपटाकडे माझं लक्ष आधी जातं. मराठीत आमच्यासारख्या माणसाचं गुपित क्रियापदच फोडतं. "मी अपॉइंटमेंट घेतली होती" इथवर कोणाला काही कळत नाही. "मी मागच्या आठवड्यात आलो होतो" म्हटलं की काउंटरवरचा माणूस कागदावरचं नाव पुन्हा एकदा वाचतो. इथल्या मुलीनेही वाचलं, मग सरळ विचारलं, "तुम्हाला हाक कोणत्या नावाने मारू?" तोंडावर बोलायला "तुम्ही" फार सोयीचं आहे. बसा, आलात, थांबता का, कशातच बाई की बुवा ते ठरवावं लागत नाही. खरी परीक्षा आपल्याविषयी आतल्या माणसाला सांगताना होते. तिने आत डोकावून "ते आलेत" म्हटलं. अर्धा तारा मी तिथेच देऊन टाकला.

उरलेला अर्धा खुर्च्यांना. रुंद, हात नसलेल्या, बसल्यावर न कुरकुरणाऱ्या. आणि रक्तदाबाचा पट्टा मोठ्या मापाचा. हे किरकोळ वाटेल, पण जाड दंडाला लहान पट्टा आवळला की रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. माझा तसा दोन-तीन वर्षं "वाढलेला" होता. इथे पहिल्याच दिवशी तो बरा झाला, औषधाविना.

आता मापं. माझ्यासारख्याने कुठलंही यंत्र किंवा सूत्र वापरायचं म्हटलं की ते आधी "स्त्री की पुरुष" विचारतं, आणि चूक-बरोबर काहीही दाबलं तरी आकडा मात्र ठामपणे येतो. इथलं शरीरातली चरबी मोजणारं यंत्रही तसंच. नर्सने एकदा हे बटण, एकदा ते बटण दाबून दोन्ही कागद काढले. एकावर चरबी ४३ टक्के, दुसऱ्यावर ३८. यंत्रावर उभा मीच, दोन्ही वेळा. डॉक्टर मॅडमनी दोन्ही पाहिले आणि म्हणाल्या, "यातला खरा कुठला ते मला सांगता येणार नाही. एक निवडू, दर वेळी तोच वापरू, आणि खाली जातोय की नाही तेवढंच पाहू." "मला सांगता येणार नाही" हे वाक्य एखाद्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला मला किती वर्षं लागली.

आहारतज्ज्ञ मॅडमकडेही तीच कथा. शरीर नुसतं पडून राहिलं तरी किती उष्मांक जाळेल याचं १९९०चं एक सूत्र त्या वापरतात, मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं. त्यात वजन, उंची, वय घालायचं आणि शेवटी पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. माझं उत्तर एका वाटेने १८६१, दुसऱ्या वाटेने १६९५. फरक १६६ उष्मांकांचा, रोजचा. त्यांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि मधोमध एक रेघ मारली. म्हणाल्या, "तीन आठवडे इथून चालू या. तुमचं वजनच सांगेल तुम्ही कुठल्या बाजूचे." माझी १६१ उंची आणि सूत्रातले १६१ हा योगायोग त्यांना मी दाखवला, तर त्या मनापासून हसल्या. अशा ठिकाणी हसणारा माणूस भेटणं सोपं नसतं.

कंबर मोजताना नर्सने विचारून टेप लावली आणि आकडा मोठ्याने न वाचता लिहिला. पहिल्यांदा ११२ सेंटिमीटर होती, आता ९६ आहे. कंबरेचे धोक्याचे आकडे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. इथे ते बाजूला ठेवून कंबर भागिले उंची करतात. उत्तर अर्ध्याच्या खाली हवं, मग तुम्ही कोणीही असा. आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनेही, बीएमआय ३५च्या खाली असणाऱ्यांसाठी, २०२२ पासून हेच सांगायला सुरुवात केली आहे. माझं ०.७० वरून ०.६० वर आलंय.

बीएमआयबद्दल एक गंमत. लिंग न विचारणारा तोही एक, आणि तरी माझी वाट अडवली ती त्यानेच. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ केतले यांनी १८३०च्या दशकात समाजातल्या "सरासरी माणसा"चा अभ्यास करताना ते सूत्र मांडलं. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. समोर बसलेल्या एका माणसावर काय उपचार करायचे हे ठरवायला ते कोणी बनवलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानेही सांगितलं की एकट्या बीएमआयवरून लठ्ठपणाचा आजार ठरवू नका. माझ्या सर्जनपर्यंत ते पोचायचं आहे. वजन जास्त असेल तर शस्त्रक्रियेनंतर जखम भरायच्या तक्रारी वाढतात हे मला मान्य आहे. पण कोणी ३० म्हणतं, कोणी ३५, कोणी ४०. प्रत्येक सर्जनच्या दारात रेघ वेगळी, आणि आपण बाहेर उभे.

डॉक्टर मॅडमची पहिली भेट पाऊण तास चालली. त्यांनी "ऑपरेशन झालंय का?" असं विचारलं नाही. म्हणाल्या, "तुमच्या शरीरात आज कोणकोणते अवयव आहेत तेवढं सांगा. नावं तुम्ही वापरता तीच वापरू." मग प्रत्येक प्रश्न कशासाठी ते आधी सांगितलं. गर्भाशय आहे, म्हणून गर्भधारणेबद्दल विचारणं भाग. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली तरी ते गर्भनिरोधक नव्हे, आणि वजन उतरायला लागलं की गर्भ राहण्याची शक्यता वाढू शकते. त्या मला सेमाग्लुटाइड हे भूक मारून वजन उतरवणारं औषध देणार होत्या, जे गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. तिर्झेपाटाइड हे त्याच्यासारखंच दुसरं औषध दिलं तर आणखी एक भानगड. ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीच्या भरवशावर राहता येत नाही. मला यातलं काहीच लागू नव्हतं. पण "तुम्हाला कशाला विचारायचं" असं त्यांनी परस्पर ठरवलं नाही, हे बरं वाटलं.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा लाल ताऱ्यांची दिवाळी. प्रयोगशाळेने सगळे आकडे बायकांच्या रकान्याशी ताडले होते. हिमोग्लोबिन १६.४, पुढे तारा. पुरुषांच्या रकान्यात तेच निमूट बसतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा, मात्र ५१ टक्के होतं, आणि ते कुठल्याच रकान्यात निवांत बसणारं नव्हतं. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होतं. ५४च्या वर गेलं तर डोस थांबवायची वेळ येते. आधीच्या दवाखान्यात एवढ्यावर औषध बंद झालं असतं. मॅडमनी विचारलं, "घोरता का?" माझ्या जोडीदाराने माझ्याआधी हो म्हटलं.

घोरण्या-झोपेचा आठ प्रश्नांचा एक तक्ता असतो, स्टॉप-बँग. त्यातला शेवटचा प्रश्न लिंगाचा. पुरुष असाल तर एक गुण. नर्स पेन हातात धरून थांबली. मॅडम म्हणाल्या, "घाला किंवा घालू नका, बाकीचेच पाच झालेत." रात्रीच्या तपासणीत कळलं की झोपेत तासाला २२ वेळा माझा श्वास अडतोय. झोपेत प्राणवायू कमी पडला की शरीर तांबड्या पेशी वाढवतं. म्हणजे रक्त दाट व्हायला टेस्टोस्टेरॉनला साथीदार होता. मग रात्री नाकावर मास्क आला, टेस्टोस्टेरॉनचा डोस आहे तसाच राहिला. पाच महिन्यांनी हिमॅटोक्रिट ४७. या एका गोष्टीसाठी मी त्या बाईंना पाचापैकी सहा तारे देईन.

सेमाग्लुटाइडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळीकडे भरपूर लिहिलं जातं. आठवड्यातून एक सुई, ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर चार आठवड्यांनी एक पायरी वर, शेवट २.४. टेस्टोस्टेरॉनची सुई दर आठवड्याला स्वतः टोचून घेणाऱ्याला ही पेनची सुई म्हणजे डास. मळमळ झाली, बद्धकोष्ठ झाला, दोन्ही सरले. २०२१च्या मोठ्या चाचणीत १९६१ माणसं होती आणि त्यातल्या औषध मिळालेल्यांचं वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. माझं १६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मी अगदीच सरासरी माणूस, केतले खूश झाले असते. "यात माझ्यासारखे किती होते?" असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "तक्त्यात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने आहेत. तुमच्यासारखे असतीलही, पण कोणी मोजलेले नाहीत." औषध सोडल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत येतं, हेही त्यांनी सुरू करण्याआधीच सांगितलं.

समुपदेशकाकडे जायला मी तयार नव्हतो. "मी खरंच पुरुष आहे का" याची उलटतपासणी आयुष्यात पुरेशी झाली आहे. पण या गृहस्थांनी तो विषयच काढला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं: "पाळी थांबावी म्हणून कधी उपाशी राहिलात?"

एकोणिसाव्या वर्षी राहिलो होतो. आठ महिने. तेव्हा घरात सगळे म्हणत होते, बारीक झालीस, छान दिसतेस. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. लठ्ठ माणूस कधी उपाशीही राहिला असेल हे लोकांच्या डोक्यातच येत नाही. आमच्यातल्या कितीजणांनी भूक अशी हत्यारासारखी वापरलीय, कोणी पाळीवर, कोणी छातीवर, कोणी खांद्यांवर. अशा माणसाच्या हातात भूक मारणारं औषध द्यायचं तर आधी हे विचारायला हवं की नाही? त्या भेटीनंतर माझा डोस १.७ वरच तीन महिने थांबवला, आणि वजन करताना मी काट्याकडे पाठ करून उभा राहायला लागलो. आकडा मागितला तरच सांगायचा, असं ठरलं.

वजन उतरताना माझं काय होणार होतं, हे मात्र तिथे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. १०४ किलोच्या माणसाची छाती कोणी छाती म्हणून बघत नाही. पोट मोठं असलं की ती पोटातच जमा धरतात. रस्त्यात लोकांना दिसायचा तो एक जाडा बुवा. पंधरा वर्षांत मी चरबीचा एक सदरा शिवला होता आणि त्याच्या आत मी बऱ्यापैकी सुखात होतो. ९२ किलोपर्यंत उतरलो तसा तो सदरा सैल झाला. पोट गेलं, कंबर दिसायला लागली, तिच्याखाली नितंब, आणि छाती मोकळी लोंबायला लागली. चेहरा कोरल्यासारखा झाला, दाढी उठून दिसायला लागली. मानेच्या वर हवा तो माणूस, आणि मानेखाली मला नको असलेला एक आकार जो मी १९व्या वर्षी शेवटचा पाहिला होता. भाजीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे अभिनंदन करत होते, आणि मी आरशावर टॉवेल टाकत होतो. बाइंडर, म्हणजे छाती दाबून सपाट ठेवणारा घट्ट कपडा, सैल झाला म्हणून लहान मापाचा आणला आणि तो बारा-बारा तास घालायला लागलो. फासळ्यांखाली कातडी सोलली.

हे सांगितलं तेव्हा समुपदेशक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मलाच माहीत नव्हतं." व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टने नियम घालून दिले: दिवसाला आठ तासांच्या वर बाइंडर नाही, व्यायाम करताना तर नाहीच. मग बाइंडरविना व्यायाम करायला दार बंद होणारी खोली लागते. ती त्यांनी आठवड्यातून दोनदा दिली. खोलीत एक मोठा आरसा होता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्याच्यावर चादर टाकलेली होती. कोणी टाकली, मी विचारलं नाही.

माझी एक मैत्रीण, ट्रान्स स्त्री, याच दवाखान्यात येते. तिचं दुखणं बरोबर उलटं. इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकी हार्मोनने, चार वर्षांत नितंबांवर जे थोडंफार कमावलं होतं, ते वजनाबरोबर आधी गेलं. डॉक्टर मॅडमनी तिची इस्ट्रोजेनची गोळी बदलून पट्टी दिली, कारण लठ्ठपणा आणि तोंडावाटे इस्ट्रोजेन ही दोन्ही एकत्र आली की रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, कातडीवाटे दिलं तर तो कमी राहतो. ती या दवाखान्याला चार तारे देते. म्हणते, एक नितंबांचा कापला.

आता माझ्या तक्रारी. एसएमएस आणि बिल आजही जुन्या नावाने येतात. काउंटरवरची मुलगी नवं नाव लिहून घेते, संगणक ते विसरतो. तीनदा अर्ज दिला. गटचर्चेचे दोनच गट, "पुरुष" आणि "महिला". पुरुषांच्या गटात गेलो तर विषय पाठीच्या आणि प्रोस्टेटच्या तक्रारींचा, महिलांच्या गटात मी जाणार नाही. तिसरा गट काढू म्हणाले, त्याला नऊ महिने झाले. मला तिसरा गट नकोच आहे, पुरुषांच्याच गटात माझ्या प्रश्नाला पाच मिनिटं हवी आहेत. मॅडम रजेवर असताना बदली आलेल्या डॉक्टरांनी माझ्या बद्धकोष्ठाच्या तक्रारीवर "खाली नेमकं काय आहे?" असा प्रश्न केला. बद्धकोष्ठाशी त्याचा संबंध मी विचारला, तर म्हणाले, "सहज." सहज! त्या दिवशी मी गोळी न घेता घरी आलो. तक्रार लिहून दिली, उत्तर आलं, माफी होती. ती मात्र नव्या नावाने होती, हे विशेष.

आणि ते अॅप. उघडल्यावर दोन चित्रं येतात, एकात फुलं, एकात डंबेल. निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यावरून ते "आदर्श वजन" काढतं आणि रोज सकाळी आठवण करून देतं. मी ते काढून टाकलं आणि वहीत लिहितो.

गेल्या महिन्यात बीएमआय ३३.६ झाला. डॉक्टर मॅडमनी सर्जनना दोन पानी पत्र लिहिलं. त्यात झोपेच्या तपासणीपासून हिमॅटोक्रिटपर्यंत सगळं होतं, आणि शेवटी एक ओळ: वजन आणखी उतरेपर्यंत थांबणं या रुग्णाच्या हिताचं नाही. वजन उतरत राहिलं तर आत्ता शस्त्रक्रिया करून नंतर कातडी पुन्हा सैल पडेल, हा मुद्दाही त्यांनी माझ्याशी बोलून मग लिहिला. मी म्हटलं, पडू दे. सर्जननी तारीख दिली आहे. त्याआधी सेमाग्लुटाइड कधी थांबवायचं ते भूल देणारे डॉक्टर सांगणार आहेत, कारण या औषधाने पोट उशिरा रिकामं होतं.

एकूण पाचापैकी साडेतीन. जाणार असाल तर डॉक्टर मॅडमची वेळ ठरवून जा, बदलीवाल्यांची नको. रक्त देताना हार्मोन कधीपासून घेताय ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायला लावा. आणि उपाशी राहायची जुनी सवय असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगा, मी चौथ्या भेटीपर्यंत थांबलो.

पुढची भेट शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी. बिलावर कुठलं नाव येतं ते इथेच खाली लिहीन.